भिंतीवरची मातीची रेघ

कोंकणांतील आमचें घर जांभ्या दगडाचें आहे. माजघराच्या मागच्या भिंतीला टेकून आमच्या आजोबांची सागवानी पेटी कित्येक वर्षें ठेविलेली होती. तिच्यांत त्यांच्या नित्यपाठाच्या पोथ्या, अमरकोशाची त्यांनीं स्वहस्तें उतरून घेतलेली प्रत आणि दोन पिढ्यांच्या जमाखर्चाच्या वह्या होत्या. सन २०११ च्या ज्येष्ठांत आमच्या धाकट्या सूनबाईंनीं केर काढतांना त्या भिंतीवर पेन्सिलीएवढ्या जाडीची मातीची एक रेघ पाहिली आणि आम्हांस येऊन सांगितलें, "मामंजी, पेटीमागें माती चढली आहे. परवां पुसली होती, आज पुन्हां तेथेंच आहे." आम्हीं जागचे न उठतांच निर्णय दिला कीं, ती पावसाची ओल असेल, दसऱ्याला चुना देऊं. पस्तीस वर्षें मुलांकडून ‘निरीक्षणाचें महत्त्व’ या विषयावर निबंध लिहवून घेणाऱ्या शिक्षकाचें हें उत्तर! गणपतीच्या आधीं कांहीं कामानिमित्त पेटी उघडली, तेव्हां आंत पोथ्यांच्या जागीं ओलसर मातीचे थर होते आणि त्यांत मधून मधून कागदाचे काठ दिसत होते. बाहेरून पेटीवर एक ओरखडाही नव्हता.

त्या दिवसापासून घरांतल्या या क्षुद्र जीवांविषयीं जें हातीं येईल तें आम्ही वाचीत आलों आहों. ज्यांच्याशीं आपला जन्मभर संबंध, त्यांच्याविषयीं आपलें ज्ञान किती थोडें, हें पाहून आमचें आम्हांलाच नवल वाटलें. वाचकांनाही वाटेल.

पहिली गोष्ट वाळवीचीच. इंग्रज तिला ‘पांढरी मुंगी’ म्हणत, आणि आपणही तिला मुंगीची बहीण समजतों. वस्तुतः मुंगी ही गांधीलमाशी व मधमाशी यांच्या कुळांतली, आणि वाळवी झुरळाच्या कुळांतली! सन २००७ मध्यें आनुवंशिक पुराव्यावरून हें नातें इतकें स्पष्ट झालें कीं, कीटकशास्त्रज्ञांनीं वाळवीचा निराळा गणच मोडून तिला झुरळांच्या गणांत नेऊन बसविलें. मुंगी तिची बहीण तर नाहींच, उलट हाडवैरीण आहे. वारुळांत शिरून वाळवी पळविणें हा मुंग्यांच्या कित्येक जातींचा धंदाच आहे. दोघींच्या राज्यव्यवस्थेंतही अंतर आहे. मुंग्यांच्या व मधमाश्यांच्या राज्यांत नराचें आयुष्य अल्प असतें. वाळवीचा राजा मात्र राणीजवळ जन्मभर नांदतो. कामकऱ्यांतही नर व मादी असे दोन्ही असतात. राणीचें पोट अंड्यांनीं इतकें फुगतें कीं तिला जागचें हलतां येत नाहीं. ती दिवसाला हजारों अंडीं घालते, आणि दहा दहा वर्षें, कधीं त्याहूनही अधिक, जगते.

आतां त्या रेघेचें मर्म. कामकरी वाळवी आंधळी असते आणि तिची त्वचा इतकी पातळ असते कीं, कोरड्या हवेंत ती थोड्याच वेळांत सुकून मरते. उजेड व वारा हे तिचे शत्रु. म्हणून जमिनींतील वारुळापासून खाद्यापर्यंत ती मातीचा झांकलेला बोगदा बांधीत जाते. भिंतीवरची रेघ म्हणजे ओल नव्हे, घाणही नव्हे. तो रस्ता होय. केरसुणीनें तो पुसला तर एका रात्रींत पुन्हां बांधला जातो, कारण बांधणारे हजारों मजूर जमिनीखालीं सुखरूप असतात. याच कारणानें ती लाकूड आंतून खाते व वरचा पापुद्रा तसाच ठेविते. तो पापुद्रा म्हणजे तिच्या घराचें छप्पर. आमच्या पेटीचें सागवान तिनें सोडलें होतें, कारण सागाच्या गाभ्यांत तिला न मानवणारीं द्रव्यें असतात. पण पेटीचा तळ आंब्याच्या फळीचा होता. त्या काळच्या सुतारानें चार आणे वांचविले असावेत!

येथें आम्हांला आमच्या जुन्या अभ्यासांतील एक गोष्ट आठवते. शतपथ ब्राह्मणाच्या चौदाव्या कांडांत अशी कथा आहे कीं, यज्ञांत सर्वांच्या आधीं सिद्धि मिळालेला विष्णु धनुष्याच्या टोंकावर मस्तक टेकून उभा राहिला, आणि इतर देवांची त्याच्याजवळ जाण्याची छाती होईना. तेव्हां वाळवीनें, म्हणजे तेथील शब्दांत ‘वम्री’नें, धनुष्याची दोरी कुरतडली. दोरी तुटतांच टोंक उसळून विष्णूचें मस्तक उडालें. या कामगिरीबद्दल तिनें आधींच ठरवून घेतलेलें वेतन असें कीं, तिला सदैव अन्न मिळावें आणि मरुभूमींतही पाणी सांपडावें. विद्यार्थिदशेंत आम्हीं ही केवळ कविकल्पना म्हणून वाचली. आज कळतें कीं रुक्ष प्रदेशांतील वाळवी खरोखरच खोल बोगदे खणून खालचा ओलावा वर आणते. सहाव्या शतकांतल्या वराहमिहिरानें बृहत्संहितेच्या ‘दकार्गल’ अध्यायांत, कोणत्या झाडाच्या कोणत्या बाजूस वारूळ असतां किती खोलीवर पाणी लागेल, याचे आडाखे दिले आहेत. ते सारेच खरे ठरतील असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्यांनीं ते लिहिले त्यांनीं वारूळ उठून जवळ जाऊन पाहिलें होतें, एवढें निश्चित. आम्हीं भिंतही पाहिली नव्हती.

तिसरें नवल तिच्या शेतीचें. आपल्या देशांत सर्वत्र आढळणाऱ्या वारूळ बांधणाऱ्या जाती कोरडा पाला व लाकूड चावून वारुळांत नेतात आणि त्यावर एक विशिष्ट बुरशी वाढवितात. लांकडांतील जो भाग वाळवीला पचत नाहीं तो ही बुरशी मऊ करून देते. आपण शेती करूं लागलों त्याला दहा-बारा हजार वर्षें झालीं. वाळवीची शेती कोट्यवधि वर्षांची आहे. पावसाळ्यांत वारुळांवर जीं अळंबीं उगवतात व गोव्याच्या बाजारांत मोठ्या किंमतीला विकलीं जातात, तीं याच बुरशीचीं फुलें म्हणावयाचीं. आमच्या घरीं अळंबीं वर्ज्य, त्यामुळें चवीविषयीं आम्ही मत देऊं शकत नाहीं. वाळवीच्या जगांत सुमारें ३००० जाती आहेत आणि त्यांतल्या फार थोड्या माणसाच्या घरांत शिरतात. बाकीच्या रानांतला पालापाचोळा मातीस मिळविण्याचें काम निमूटपणें करीत असतात. पहिल्या पावसानंतर दिव्याभोंवतीं झेपावणारे व सकाळीं केरांत नुसते पंख ठेवून नाहींसे होणारे किडे हे बहुधा वाळवीचेच वधूवर होत. ते बाहेरून आले तर चिंता नाहीं. घरांतल्याच भिंतीच्या फटींतून निघूं लागले, तर मात्र संसार जवळच थाटलेला आहे असें समजावें.

पोथ्यांचा दुसरा शत्रु कसर. हा चपळ, रुपेरी, बिनपंखांचा किडा मोठा झाल्यावरही सापाप्रमाणें जन्मभर कात टाकीत राहतो, आणि अन्नावांचून कित्येक महिने काढतो. त्याला कागदापेक्षां बांधणीची खळ अधिक प्रिय. आपले पूर्वज कागदाला हरताळ लावीत तें अशाच किड्यांच्या भयानें. आणि लिहितांना चूक झाली तर तिच्यावरही हरताळच फांशीत, त्यावरून आपल्या भाषेंतला वाक्प्रचार आला. हा पिवळा हरताळ म्हणजे सोमलाच्या जातीचें विष होय. आमच्या आजोबांच्या अमरकोशांतून जीं दहा-वीस पानें बचावलीं, त्यांवर पिवळे पट्टे बरेच आहेत. म्हणजे शुद्ध पाठ वाळवीनें खाल्ला आणि आमच्या वांट्यास आजोबांच्या चुका आल्या.

ढेकणाविषयीं कोणी लिहावें! एका सुभाषितकारानें विष्णु समुद्रांत व शंकर हिमालयावर कां निजतात, याचें कारण ढेकणांची धास्ती असें देऊन ठेविलें आहे. नवल हें कीं, इतका छळ करणारा हा प्राणी माणसाला एखादा रोग देतो असें आजवर सिद्ध झालेलें नाहीं. निजलेल्या माणसाच्या श्वासांतील वायु व अंगाची ऊब यांवरून तो आपली वाट काढतो, पांच-दहा मिनिटांत पोट भरतो आणि पुन्हां फटींत शिरतो. एकदां जेवला कीं महिनोन्महिने उपाशी राहूं शकतो. म्हणून बंद घरांत ढेकूण मेले असतील ही आशा व्यर्थ. डी. डी. टी. ची किडे मारण्याची शक्ति स्वित्झर्लंडच्या पॉल म्यूलर यांनीं १९३९ सालीं शोधून काढली व त्याबद्दल त्यांना १९४८ मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु १९४७ सालींच हवाई बेटांत त्या औषधाला दाद न देणारे ढेकूण आढळले होते! उष्णतेपुढें मात्र त्याचें कांहीं चालत नाहीं. सुमारें ५० अंश सेल्सिअस उष्णतेंत ढेकूण व त्याचीं अंडीं थोड्याच मिनिटांत मरतात. वैशाखांत खाटा अंगणांत काढून त्यांच्या सांध्यांत आधणाचें पाणी ओतणाऱ्या आमच्या आजीला ही आंकडेमोड ठाऊक नव्हती, पण पाणी उकळलेलेंच लागतें हें ठाऊक होतें. नुसतें ऊन पुरत नाहीं. ढेकूण सावलीच्या बाजूस सरकून बसतात.

झुरळाविषयीं एकच गंमत सांगतों. ओट्यामागें सांपडणारें, पाठीवर दोन काळ्या रेघा असलेलें लहान तपकिरी झुरळ जगभर ‘जर्मन’ नांवानें ओळखलें जातें, कारण युरोपांतल्या नमुन्यांवरून अठराव्या शतकांत त्याचें नांव ठेवलें गेलें. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनावरून असें दिसतें कीं, त्याचा मूळ वंश सुमारें २१०० वर्षांपूर्वीं भारत किंवा ब्रह्मदेशाच्या बाजूस निपजला व व्यापाराबरोबर पश्चिमेस गेला. उलट मोठें, उडणारें ‘अमेरिकन’ झुरळ मूळचें आफ्रिकेकडचें. लहान झुरळाच्या कांहीं वंशांना तर गोड विषाचें आमिष इतकें परिचित झालें कीं त्यांना द्राक्षशर्करा कडू लागूं लागली, असें २०१३ मध्यें आढळून आलें. झुरळाच्या विष्ठेच्या व कातेच्या धुळीनें मुलांचा दमा बळावतो, ही मात्र गंमत नव्हे. वाचकभगिनींनीं रात्रीं ओटा कोरडा ठेवावा. झुरळाला अन्नापेक्षां पाणी अधिक लागतें.

आतां ज्यासाठीं हें सारें लिहावयास बसलों ती गोष्ट. दोन वर्षांपूर्वीं वर्षाचे गहूं भरण्याच्या वेळीं एका दुकानदारानें आम्हांला कागदाच्या पुडींत राखी रंगाच्या चार गोळ्या दिल्या. "कोठींत टाका, वर्षभर किडा लागणार नाहीं," असें तो म्हणाला. किडा लागणार नाहीं, हें खरेंच. सोंडकिड्याची मादी दाण्याला भोंक पाडून आंत अंडें घालते व भोंक बुजवून टाकते. अळी दाण्याच्या पोटांतच वाढते, त्यामुळें वरून निवडलेला गहूं स्वच्छ दिसूनही आंतून किडलेला असतो. अशा किड्यापर्यंत पोंचेल असा तो वायु. आम्ही पुडी घेऊन घरीं आलों व फडताळावर ठेविली. सूनबाईंनीं ती पाहून विचारलें, "मामंजी, यावर नांवही नाहीं. कसल्या आहेत?" या वेळीं आम्ही उठलों.

चौकशी केली तेव्हां कळलें कीं त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असाव्यात. हवेंतल्या ओलाव्यानेंच त्यांतून फॉस्फीन नांवाचा अत्यंत विषारी वायु सुटूं लागतो. त्यावर उतारा म्हणून असें कोणतेंही औषध नाहीं. हीं द्रव्यें मोठ्या गोदामांत, तज्ज्ञांच्या देखरेखीखालीं वापरावयाचीं आहेत. राहत्या घरांत ठेवण्यासाठीं तीं मुळींच नाहींत. आपल्या घरांत कोठी बहुधा माजघरांत, आणि माजघरांत तर मुलेंबाळें व म्हातारी माणसें निजतात. दारें-खिडक्या मिटलेल्या खोलींत धान्याला घातलेल्या अशा गोळ्यांनीं निजलेलीं माणसें दगावल्याच्या बातम्या आपल्या देशांत पुनः पुनः येतात. आमच्या नातवंडांचीं अंथरुणें त्या कोठीपासून सहा हातांवर पडत असत.

गोळ्या त्याच दिवशीं परत केल्या. दुकानदार हंसला व म्हणाला कीं, सगळे नेतात. त्याच्या म्हणण्यावर आमचा विश्वास आहे, आणि म्हणूनच हें लिहीत आहों. ज्यांच्या घरीं अशी पुडी असेल त्यांनीं ती पाण्यांत टाकूं नये, चुलींत टाकूं नये, मुलांच्या हातीं पडूं देऊं नये. ती कोरडी व बंद डब्यांत, राहत्या खोल्यांपासून दूर ठेवून कृषिखात्याच्या माणसास विचारावें. ज्या कोठींत गोळ्या आधींच घातलेल्या असतील त्या खोलींत निजूं नये, दारें-खिडक्या उघडून बाहेर पडावें आणि जाणत्या माणसावांचून कोठी उघडूं नये. कोणाला मळमळ, छातींत दडपण वा श्वासाला त्रास वाटला तर घरगुती उपचारांत वेळ न घालवितां रुग्णालय गांठावें.

गहूं आम्हीं त्या वर्षीं चैत्राच्या उन्हांत तीन दिवस वाळविला व घट्ट झांकणाच्या पत्र्याच्या पिंपांत भरला. दाणा खडखडीत वाळला कीं सोंडकिड्याची वाढ खुंटते. तुरीला व मुगाला एरंडेलाचा हात लावला. कडधान्याचा भुंगेरा दाण्याच्या वरच्या बाजूस अंडें चिकटवितो व तेलानें तें गुदमरतें. थोडा किडा तरीही लागला, आणि आमच्या मंडळींनीं तो चाळून काढला.

पेटी आतां भिंतीपासून वीतभर पुढें, चार विटांवर ठेविली आहे. तळाला सागाची फळी घातली आहे. आंत ती पिवळ्या पट्ट्यांचीं पानें आहेत. दर पौर्णिमेस सूनबाई कंदील घेऊन तिच्या मागची भिंत पाहतात, आणि आम्ही चष्मा लावून त्यांच्या शेजारीं उभे असतों.