हृदयाची भिंत जाड होते तेव्हा

व्यायामाने दंड भरला की आपण कौतुक करतो. हृदय हाही स्नायूच आहे. मग उच्च रक्तदाबामुळे त्याची भिंत जाड झाली तर डॉक्टरांना काळजी का वाटते?

डाव्या जवनिकेला, म्हणजेच डाव्या निलयाला, रक्त धमनीतील दाबाविरुद्ध ढकलावे लागते. अशा वेळी तिच्या भिंतीवर पडणारा ताण दाबाच्या व त्रिज्येच्या सम प्रमाणात आणि जाडीच्या व्यस्त प्रमाणात असतो. हा लाप्लासचा नियम. दाब वाढला की भिंत जाड होते आणि ताण पूर्ववत होतो. परंतु याची किंमत मोजावी लागते. भिंतीत तंतुमय ऊती वाढतात, ती ताठर बनते आणि दोन ठोक्यांच्या मध्ये सैल पडून नीट भरत नाही.

हृदयविकाराच्या झटक्यानंतर उलटे घडू शकते. सायकलच्या ट्यूबला एका जागी फुगा आलेला आपण पाहतो. आतील हवेचा दाब सगळीकडे सारखाच, तरी फुगवट्याची त्रिज्या मोठी व भिंत पातळ, म्हणून तिथेच ताण अधिक आणि फुगाही वाढत जातो. झटक्यात मेलेला स्नायू पातळ झाला की जवनिकाही अशीच पसरते. या दोन्ही प्रकारच्या बदलांना हृदयाची पुनर्रचना म्हणतात.

उतारवयात अनेक आजार एकत्र नांदतात. रक्तदाब भार वाढवतो, मधुमेह ऊती ताठर करतो. मूत्रपिंडे बिघडली की शरीरात मीठ-पाणी साठते, रक्तक्षयही होतो आणि हृदयाला जास्त रक्त ढकलावे लागते. शिवाय रक्तदाब मूत्रपिंडे बिघडवतो आणि बिघडलेली मूत्रपिंडे रक्तदाब वाढवतात. म्हणून इथे साधी बेरीज पुरत नाही.

मग धोका आधी कसा ओळखायचा? अमेरिकेत बोस्टनजवळच्या फ्रॅमिंगहॅम गावी १९४८ साली सुरू झालेल्या पाहणीत ५,२०९ रहिवासी सामील झाले. वय, रक्तदाब, धूम्रपान यांच्या नोंदी ठेवून पुढे कोणाला काय होते ते वर्षानुवर्षे पाहिले गेले. अशा नोंदींवरून प्रत्येक घटकाला वजन देऊन सूत्र बनवतात. याच पाहणीतून १९९० साली दिसले की, इको तपासणीत ज्यांच्या डाव्या जवनिकेचे वस्तुमान जास्त होते, त्यांना पुढे हृदयविकार व मृत्यूचा धोकाही जास्त होता.

सूत्र वापरताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एका लोकसमूहावर बेतलेले सूत्र दुसऱ्या समूहावर पडताळल्याशिवाय लावू नये. दुसरे म्हणजे, अनेक आजार असलेली वृद्ध व्यक्ती हृदय बिघडण्यापूर्वी दुसऱ्याच कारणाने दगावू शकते. हे न धरणारे सूत्र धोका फुगवून सांगते.

हा खटाटोप कशासाठी? पुनर्रचनेला आवर घालता येतो म्हणून. झटक्यानंतर जवनिका दुबळी झालेल्या २,२३१ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष १९९२ साली प्रसिद्ध झाले. कॅप्टोप्रिल हे औषध घेणाऱ्या गटात मृत्यूंचा धोका १९ टक्क्यांनी कमी आढळला. वेळीच रक्तदाब आटोक्यात आणला, तर जाड झालेली भिंतही काही अंशी पूर्ववत होते.

‘धोका २० टक्के’ याचा अर्थ वर्गात असा दाखवता येईल. पिशवीत ८० पांढरे व २० लाल मणी टाका. प्रत्येकाने न पाहता एक मणी काढावा, रंग नोंदवून परत टाकावा. शंभर खेपांत सुमारे वीस वेळा लाल मणी येईल. पण पुढचा मणी कोणता, ते कोणीच सांगू शकणार नाही. औषधोपचार म्हणजे पिशवीतले लाल मणी कमी करणे.