दोन मिलिमीटर पोलाद

डोकमर्डीच्या आमच्या घरात, दाराशेजारी छत्र्या अडकवतो त्या कोपऱ्यात, गेल्या हिवाळ्यापासून कालपर्यंत स्कीची एक जोडी उभी होती. म्युनिकला राहणाऱ्या माझ्या मुलीने ती आपल्या मावसबहिणीला, म्हणजे माझ्या भाचीला दिली. भाची सिल्वासातल्या एका धाग्याच्या कारखान्यात काम करते आणि वर्षभर रजा साठवून हिमालयात जाते. इथे थंडी म्हणजे पहाटे दमणगंगेवर दिसणारं धुकं आणि जेमतेम एक स्वेटर. तरी ती जोडी मी जेव्हा हातात घेते तेव्हा खाली ठेववत नाही. एवढ्याशा पट्टीत किती विचार भरला आहे!

माझं कुतूहल जागं झालं ते तिच्या एका वाक्याने. पहिल्यांदा हिमालयातल्या औलीहून स्की शिकून आली तेव्हा म्हणाली, "मावशी, बर्फ कापसासारखा असेल असं मला वाटलं होतं. सकाळी उतारावर उभी राहिले तर पायाखाली चक्क लादी!"

मराठीत आपण आकाशातून पडणाऱ्यालाही बर्फ म्हणतो आणि भुशात गुंडाळून येणाऱ्या लादीलाही बर्फच म्हणतो. आपल्याकडे पहिला पडत नाही, त्यामुळे रोजच्या बोलण्यात दुसऱ्या शब्दाची गरज कधी भासली नाही. उतारावर मात्र हे दोन्ही एकाच दिवसात भेटतात. ताजा हिमकण नाजूक नक्षीचा असतो. दिवसा ऊन लागलं की नक्षीची टोकं वितळतात, पाणी कणाकणांच्या मधल्या फटीत उतरतं आणि रात्री तिथेच गोठून सगळ्या कणांना एकमेकांत सांधून टाकतं. असं चार दिवस झालं की त्या हिमाची लादी होते. आल्प्समधली नावाजलेली स्की-गावं ४६-४७ अक्षांशांच्या आसपास आहेत, गुलमर्ग ३४ वर आणि औली साडेतीसवर. म्हणजे फेब्रुवारीच्या दुपारी आपल्या उतारांवरचं ऊन जास्त उभं पडतं. सकाळी काच, अकरा वाजता वरून सैल झालेली साखर, दुपारी उन्हाच्या अंगाला लापशी आणि सावलीत अजून काचच. स्की निवडायची ती या सगळ्या दिवसासाठी, आणि तीही पायातली एकच जोडी.

पण बर्फावर घसरायला होतंच का? प्रश्न पोरासोरांचा वाटतो, पण त्याने मोठमोठ्या शास्त्रज्ञांना दमवलं आहे. १८५० साली मायकेल फॅरेडेने सुचवलं की बर्फाच्या पृष्ठभागावर गोठणबिंदूच्या खालीही पाण्यासारखा एक पातळ थर असतो. १८८६ मध्ये जॉन जोली यांनी दाबाचं कारण पुढे केलं : वजनाखाली बर्फ वितळतो आणि आपण त्या पाण्यावरून सरकतो. पुढे कितीतरी पाठ्यपुस्तकांनी तेच सांगितलं. गणित मात्र जुळत नाही. दर चौरस सेंटिमीटरला चार किलोचा दाब दिला तरी बर्फाचा वितळणबिंदू अंशाच्या तीन शतांशाइतकाच खाली येतो. मग १९३९ मध्ये बाउडन आणि ह्यूज या दोघांनी स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोखला, सुमारे ३,४५० मीटर उंचीवर, प्रत्यक्ष मोजमाप केलं. धातूची पट्टी बर्फावर जास्त अडत होती, एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची, कमी. कारण धातू उष्णता चटकन ओढून नेतो. म्हणजे वितळवण्याचं काम मुख्यतः घर्षणाची ऊब करते! सरकणारा स्वतःच आपल्यापुरतं पाणी तयार करत जातो.

म्हणून स्कीचा तळ प्लास्टिकचा असतो : अतिशय लांब साखळ्यांचं पॉलिथिलीन, ज्याला पाणी चिकटत नाही. पाण्याची टाकी आणि पिशवी ज्या कुळातली, त्याच कुळातलं. सिल्वासात प्लास्टिकचे कारखाने पावलोपावली आहेत; हा तळ हाताला लागला तेव्हा मला एकदम ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं.

तळ घसरवतो. थांबवते आणि वळवते ती कड. तळाच्या दोन्ही बाजूंना, टोकापासून शेपटीपर्यंत, जेमतेम दोन मिलिमीटर रुंदीची पोलादाची पट्टी बसवलेली असते. साल्झबुर्गच्या रुडॉल्फ लेटनर यांनी १९२६ मध्ये पोलादी कडांचं पेटंट घेतलं. त्याआधी माणसं नुसत्या लाकडावर डोंगर उतरत होती. या पट्टीची करामत समजायला एक ढोबळ हिशोब करून पाहा. पंचावन्न किलोची बाई दोन्ही स्की सपाट ठेवून उभी राहिली तर तिचं वजन सुमारे २,७०० चौरस सेंटिमीटरवर पसरतं, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला वीस ग्रॅम. आता तिने एक स्की कलती केली आणि सगळं वजन १३० सेंटिमीटर लांब, एक मिलिमीटर रुंद अशा रेघेवर आणलं, की तोच आकडा चार किलोच्या पुढे जातो. दोनशेपट! तीच बाई, तेच वजन, फक्त घोटा कलला. गोळेवाल्याच्या रंध्याला बर्फ कापण्यासाठी जोर लागत नाही, पात्याची धार आणि त्याचा कोन लागतो. इथेही तेच.

माझ्या मते काचेसारख्या बर्फासाठी स्की निवडण्याचं सगळं शास्त्र एका प्रश्नात आहे : ही पोलादी रेघ बर्फात शेवटपर्यंत रुतलेली राहील का? स्कीचा उरलेला सगळा देह त्या रेघेच्या सेवेसाठी आहे.

जोडीतली एक स्की जमिनीवर ठेवा आणि डोळे जमिनीच्या पातळीला आणून पाहा. मध्यभागी ती उचललेली दिसते, खालून कागद सरकतो. ही कमान, म्हणजे कॅम्बर. सिल्वासाच्या रस्त्यांवर ट्रकांची वर्दळ असते. कुठल्याही गॅरेजबाहेर रिकामा ट्रक उभा असेल तर त्याचे पाटे बघा, चांगले वाकलेले असतात. माल चढला की तेच पाटे सपाट होतात आणि भार एका जागी न ठेवता दोन्ही टोकांना वाटून देतात. स्कीचं अगदी हेच. कमान नसती तर वजन बुटाखालच्या वीतभर जागेवर पडलं असतं आणि टोक-शेपूट नुसती लोंबत राहिली असती. कमान दाबली गेली की ती टोकांना खाली रेटते आणि कड सगळ्या लांबीवर बर्फाला भिडते.

याच्या उलट रॉकर. २००० नंतर रुळलेल्या या घडणीत टोक लवकर वर उचललेलं असतं, होडीच्या नाळेसारखं. भुसभुशीत हिमात ते तरंगतं, लापशीत अडकत नाही. पण जेवढं टोक वर तेवढी कड हवेत, आणि काचेवर हवेतली कड काही कामाची नाही. संमिश्र दिवसासाठी म्हणून मधला मार्ग : पायाखाली खणखणीत कमान आणि फक्त टोकाला थोडा रॉकर. शेपटीलाही भरपूर रॉकर असलेली स्की दुकानात कितीही देखणी दिसली तरी ती ताज्या हिमाची, काचेची नव्हे.

आता स्की वरून पाहा. टोक रुंद, मध्ये कंबर, शेपूट पुन्हा रुंद. ही कंबर किती आत गेलेली असते? साधारण पावणेदोन सेंटिमीटर, बस. पण ती बाजूची रेघ पुढे वाढवत नेली तर सुमारे १४ मीटर त्रिज्येचं वर्तुळ पुरं होतं. बॅडमिंटनच्या कोर्टाच्या लांबीहून थोडी मोठी दोरी घेऊन मैदानावर गोल मारा. तो सगळा गोल त्या दाराशेजारच्या पट्टीत दडलेला आहे! आणि स्की जितकी कलती कराल तितकं हे वर्तुळ लहान होतं : साठ अंशांवर जवळपास निम्मं. स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीने १९९३ मध्ये अशी खोल कमरेची स्की बाजारात आणली आणि दहा वर्षांत जगभरच्या जुन्या सरळ स्की माळ्यावर गेल्या.

कमरेची रुंदीही महत्त्वाची. स्की कलती केली की सगळा जोर कडेवर येतो, आणि कड बुटाच्या मध्यापासून जितकी लांब तितका घोट्याला आणि गुडघ्याला पीळ जास्त. कंबर ७० मिलिमीटर असेल तर हे अंतर ३५ मिलिमीटर, कंबर १०० असेल तर ५०. जवळजवळ दीडपट! दिवसभर कठीण बर्फावर रुंद स्की चालवणं म्हणजे कळशी कमरेवर न घेता हात लांब करून नेणं. काच आणि इतर सगळं मिळून जिथे भेटतं तिथे ७८ ते ८८ मिलिमीटर मला योग्य वाटते. काच जास्त असेल तर या पट्ट्याचं खालचं टोक धरावं.

राहिला 'बायकांची स्की' हा प्रश्न. खूप वर्षं बायकांसाठी म्हणून जे विकलं जाई ते पुरुषांच्याच स्कीचं आखूड, मऊ, फुलाफुलांचं रूप असे. अमेरिकेत जीनी थोरेन यांनी याविरुद्ध अनेक वर्षं आग्रहाने लढा दिला. बायकांच्या शरीराचा तोल वेगळ्या जागी असतो, म्हणून बूट स्कीवर थोडा पुढे बसवा, असं त्या गावोगाव दाखवत फिरल्या. आज बायकांच्या बहुतेक स्कीवर बूट बसवायची जागा जरा पुढे असते, गाभा हलका असतो, लांबी कमी असते. यात तथ्य आहे. पंचावन्न किलोच्या बाईला नव्वद किलोच्या पुरुषासाठी घडवलेली स्की वाकवताच येत नाही, आणि न वाकलेली स्की चाप काढत नाही, सरळ पळते.

पण मऊपणा कुठला हा खरा मुद्दा आहे, आणि तो मला भाचीने समजावला. तिने ओढणी हातात घेतली. धाग्याच्या दिशेने ताणली, ती हटली नाही. मग उरेब ताणली, ती लगेच लांबली. "मावशी, स्कीतल्या काचतंतूचंही असंच. लांबीत घातलेले धागे वाकण्याला विरोध करतात, तिरपे घातलेले पिळण्याला." म्हणजे एकाच पट्टीचे दोन स्वभाव वेगवेगळे ठरवता येतात! हलक्या बाईला लांबीत लवचीक आणि पिळात कडक स्की हवी. पिळात मऊ असली तर काचेवर वजन टाकताच टोक उलटं वळतं, कड सुटते आणि स्की आडवी घसरते. बायकांना हलकं आणि सोपं द्यायचं म्हणून पीळही सैल ठेवलेल्या स्की अजून दिसतात. त्यांच्यामुळे शिकणारीला वाटत राहतं की चूक तिचीच आहे. मला याचा खरंच राग येतो.

पीळ रोखायला पातळ धातूचा पत्राही घालतात. त्याचं नाव टायटनाल; टायटॅनियमचा भास होतो, प्रत्यक्षात तो ॲल्युमिनियमचा मिश्रधातू. त्याने वजन वाढतं, पण काचेवर ते वजन उपयोगी पडतं. रिकामं ताट ओट्यावर आपटलं तर झणझणतं, हात ठेवला की गप्प होतं. हलकी स्की कठीण बर्फावर तशीच झणझणते, आणि प्रत्येक झणत्कारात कड क्षणभर बर्फापासून सुटते. धातू आणि त्याखालचा रबराचा पातळ थर हा तो ताटावरचा हात. बरी चालवता येणाऱ्या बाईने धातूचं नाव ऐकून बिचकू नये.

काचेवर खरा कस लागतो तो शर्यतीत, आणि तिथे आपल्या बायकाही पोचल्या आहेत. शैलजा कुमार १९८८ मध्ये कॅल्गरीच्या हिवाळी ऑलिंपिकला गेल्या, तिथे जाणाऱ्या पहिल्या भारतीय महिला, आणि स्लॅलममध्ये, म्हणजे खांबांच्या मधून वळत उतरण्याच्या शर्यतीत, अठ्ठाविसाव्या आल्या. मनालीजवळच्या बुरुआची आंचल ठाकूर २०१८ च्या जानेवारीत तुर्कस्तानातल्या एर्झुरुमला स्लॅलममध्येच कांस्यपदक जिंकली. शर्यतीचा उतार मुद्दाम कठीण करतात; विश्वचषकाच्या उतारांत तर पाणी टोचून त्याची लादी बनवतात, म्हणजे शेवटच्या खेळाडूलाही सारखाच उतार मिळावा. स्लॅलममध्ये बायकांची स्की किमान १५५ सेंटिमीटर असावी लागते, पुरुषांची १६५. अरुंद, कमानदार, धातू घातलेली. जगातल्या सगळ्यांत चपळ बायका काचेवर उतरताना काय निवडतात, ते यावरून दिसतं.

सहलीला जाणारीने लांबी हनुवटी ते कपाळाच्या दरम्यान घ्यावी, काचेसाठी वरच्या बाजूला झुकती. बूट मात्र आधी, आणि पायावर घट्ट. घोट्याचा कल बुटातूनच कडेपर्यंत पोचतो, आणि सैल बूट तो वाटेतच गिळतो. बुटाची पकड पडताना किती जोराला सुटावी हे वजन, उंची, वय आणि बुटाच्या तळाची लांबी पाहून जाणकाराकडूनच लावून घ्यावं. स्कीइंगमध्ये बायकांच्या गुडघ्याचे अस्थिबंध पुरुषांपेक्षा जास्त फाटतात. भाड्याची स्की हातात आली तर कडेवरून नख आडवं ओढा. नखाचा बारीक भुगा निघाला तर धार आहे. निघाला नाही, तर कितीही महागाची स्की असो, सकाळच्या लादीवर ती नुसती फळी.

भाचीच्या पहिल्या औलीवारीत हेच झालं होतं. कडा गोल झालेल्या होत्या आणि ती स्वतःच्या पायांना दोष देत बसली. यंदा गुलमर्गला, याच जोडीवर, अफरवट डोंगराच्या सावलीतल्या उतारावर तिने पहिल्यांदा कडेचा आवाज ऐकला. विळीवर कच्ची कैरी चिरताना येतो तसा, म्हणाली.

आता पाऊस तोंडावर आला आहे. आमच्याकडे पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी पडतं आणि उघड्या पोलादाला आठवड्यात गंज धरतो. काल संध्याकाळी गॅलरीत वर्तमानपत्र पसरून तिने दोन्ही स्की उताण्या ठेवल्या. कानस कोन धरून ठेवणाऱ्या एका साच्यात बसवली, बाजूच्या कडेला ८८ अंशांचा कोन राहील अशी, आणि टोकाकडून शेपटीकडे सावकाश ओढत गेली. पोलादाचा कीस कागदावर चमकत होता. मग जुनी इस्त्री तापवून तिच्यावर मेण वितळवलं आणि तळावर, कडांवर, सगळीकडे जाड थर दिला. तो खरवडायचा नाही, तसाच राहू द्यायचा. मी एका बाजूने पट्टी धरून बसले होते. थर गार झाल्यावर बोट फिरवून पाहिलं तर धार कुठे लागेना, सगळं गुळगुळीत. दोन्ही स्की चादरीत गुंडाळून आम्ही पलंगाखाली सरकवल्या. कोपरा छत्र्यांना मोकळा झाला.