उजेडाने धरलेला दाणा



या पानावर आम्ही एरवी बेणे, खत, पाणी यांविषयी लिहितो. या खेपेस विषय जरा निराळा आहे. पण तो शेवटी आपल्या उसापाशीच येतो.

पॅनमध्ये सिरप आटते तेव्हा पाण्यात मावेल त्याहून जास्त साखर त्यात विरघळलेली असते. याला अतिसंपृक्त द्रावण म्हणतात. एवढे होऊनही दाणा आपोआप पडेलच, असे नाही. पुष्कळ रेणू एका शिस्तीत जुळून यावे लागतात, तेव्हा पहिला कण जन्मतो. म्हणून पॅनमन बारीक दळलेल्या साखरेचे सीड सोडतो आणि त्यावर दाणा वाढवतो.

सीड न घालता नुसत्या उजेडाने दाणा धरेल काय? १९९६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील पॉलिटेक्निक विद्यापीठात ब्रूस गॅरेट्झ, ॲलन मायरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे करून दाखविले. पदार्थ कोणता, तर युरिया! आपण उसाला टाकतो तोच. रसायनशास्त्रात युरिया आणि साखर दोन्ही सेंद्रिय पदार्थांत मोडतात. (सेंद्रिय खताशी याची गल्लत करू नये.) युरियाच्या अतिसंपृक्त द्रावणावर त्यांनी लेसरचे झोत सोडले. झोत डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा आणि काही नॅनोसेकंदांचा. एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग! द्रावण हा प्रकाश फारसा शोषत नाही, तरी त्यात सुईसारखे स्फटिक दिसू लागले. प्रकाशाच्या विद्युत क्षेत्राची जी दिशा, त्याच दिशेला सुया रोखलेल्या होत्या.

पुढे २००२ साली याच मंडळींनी ग्लायसिन घेतले. हे प्रथिनांतले एक अमिनो आम्ल. त्याचे स्फटिक निरनिराळ्या घडणीचे होतात. अतिसंपृक्तता विशिष्ट मर्यादेत असताना सरळ ध्रुवित प्रकाश दिला की गॅमा घडण मिळे, वर्तुळाकार ध्रुवित दिला की अल्फा. द्रावण तेच, प्रकाशाची तऱ्हा बदलली की स्फटिकाची जात बदलली.

कोणी म्हणेल, दाण्याच्या जातीने काय बिघडते? १९९८ साली एचआयव्हीवरील रिटोनाविर या औषधाचा कमी विरघळणारा नवा स्फटिक प्रकार निर्मितीत अचानक उपटला आणि त्या कॅप्सूल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या. औषध तेच, पण घडण बदलली. रोग्याच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे.

प्रकाश हे नेमके कसे करतो, यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. काही म्हणतात, प्रकाशाचे विद्युत क्षेत्र रेणूंना ओळीत आणते. काही म्हणतात, द्रावणातले अतिसूक्ष्म कण झोताने तापतात आणि तेथे दाणा धरतो. ग्लायसिनचे द्रावण गाळून घेतले तर परिणाम कमी होतो, हे मात्र प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे डोळ्यांना न दिसणारा कणसुद्धा दाण्याचे नशीब फिरवू शकतो.

आता आपल्या कारखान्याकडे वळू. हे प्रयोग स्वच्छ द्रावणाच्या लहानशा कुप्यांत झाले. आपल्या गडद सिरपात झोत कितीसा आत शिरणार? तेव्हा पॅनमनच्या हातचे सीडच खरे. परंतु त्या सिरपात काय उतरते, हे तुमच्या फडात ठरते. तोडलेला ऊस पडून राहिला की त्यात जंतू वाढतात आणि डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार होतो. त्याने रस घट्ट होतो, पॅन रेंगाळते, साखरेचा दाणा चौकोनी न होता लांबट सुईसारखा होतो आणि जास्त साखर मळीत जाते. जळका ऊस तर याहून लवकर बिघडतो.

एफआरपी उताऱ्याशी बांधलेली आहे, हे आपण जाणताच. म्हणून तोडीचा दिवस आणि वाहन यांचा मेळ आधी घाला, पाचट व माती मोळीतून काढा, आणि तोडलेला ऊस शक्यतो त्याच दिवशी गव्हाणीवर आणा. लेसर नसला तरी चांगला दाणा धरण्याचे एवढे काम आपल्या हातात आहे.