कॉपी मारली की आवाज उतरतो?

जुन्या कॅसेटींवरून उतरवलेली भजनं मॅकबुकवरून विंडोजच्या पीसीवर घ्यायची म्हटली, की कळंब्यात कुणी ना कुणी बजावतंच, ‘एकदाच कॉपी मारा की, सारखी मारली तर क्वालिटी उतरत्या.’ सांगणारा इतक्या ठामपणे सांगतो की पोरं गप्प बसतात.

समज कुठून आला ते उघड आहे. कॅसेटवरून कॅसेट भरली की दर वेळी टेपची खरखर वाढायची, आवाजाची धार जायची. अल्लादियाखाँसाहेबांचं घराणं जिथं रुजलं त्या कोल्हापुरात मैफलींच्या कॅसेटी अशाच हातोहात फिरल्या. चौथ्या हाती येईपर्यंत तानपुऱ्यापेक्षा खरखरच जास्त ऐकू यायची. तेव्हा ही तक्रार सोळा आणे खरी होती. पण फाईल म्हणजे टेप नव्हे. तिच्यात आकडे असतात आणि कॉपी म्हणजे तेच आकडे दुसरीकडे लिहिणं. पन्नासाव्या कॉपीतही आकडे तेच.

पटत नसेल तर तपासून पाहावं. मॅकमध्ये ‘शासम’ आणि विंडोजमध्ये ‘सर्टयुटिल’ ही सोय मुळातच असते. दोन्हीकडे त्या फाईलचा एसएचए-256 हॅश काढला की 64 अक्षरांची एक ओळ मिळते. दोन तासांच्या ध्वनिमुद्रणातला एक बिट जरी इकडचा तिकडे झाला, तरी ती ओळ पार बदलते. ओळी जुळल्या तर वाद संपला. ‘पण माझ्या कानाला फरक कळतो’ असं त्यानंतरही म्हणणाऱ्यांनी आधी स्पीकर आणि विंडोजमधले ‘साऊंड इफेक्ट्स’ तपासावेत.

कॉपी खरोखर बिघडते तेव्हा ती ‘उतरत’ नाही. कॉपी पुरी होण्याआधीच पेनड्राईव्ह उपटला, तर गाणं मधेच तुटतं, खटखट वाजतं किंवा फाईल उघडतच नाही.

नुकसान होतं ते वेगळ्याच ठिकाणी. सीडीच्या दर्जाचा एक मिनिट आवाज सुमारे 10 एमबी जागा घेतो. तोच 128 केबीपीएसच्या एमपीथ्रीत जेमतेम 1 एमबीत मावतो. बाकीचा मजकूर टाकून दिलेला असतो. ती फाईल एडिट करून पुन्हा एमपीथ्रीतच सेव्ह केली, की आणखी थोडा जातो. उलट, एमपीथ्रीची वेव्ह करून ‘क्वालिटी वाढवली’ म्हणणं म्हणजे चिपाडाची मोळी मोठी बांधून रसाची वाट पाहणं. मूळ कॅसेट उतरवतानाच काळजी घ्यावी: डेकचं हेड साफ असावं आणि फाईल वेव्हमध्ये ठेवावी. ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना आयासा आपल्या टीसी-04 या मार्गदर्शिकेत किमान 48 किलोहर्ट्‌झ, 24 बिट सांगते.

आता किरकोळ गैरसमज. ‘मॅकची फाईल विंडोजला चालत नाही’: ॲपलची एआयएफएफ 1988 सालची, मायक्रोसॉफ्ट-आयबीएमची वेव्ह 1991 सालची. आत बहुधा तोच न दाबलेला आवाज, फक्त बाइट्सचा क्रम उलटा. ‘नावापुढचं एमफोरए खोडून एमपीथ्री लिहिलं की झालं’: फक्त पाटी बदलते, माल तोच. ‘ब्लूटूथनं पाठवली की आवाज दबतो’: ब्लूटूथवर ऐकताना आवाज दाबला जातो हे खरं, पण पाठवलेली फाईल जशीच्या तशी पोचते. व्हॉट्सॲपवरही डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली फाईल तशीच राहते. ती स्पीकरवर वाजवून व्हॉइस नोट करणाऱ्यांपुढे मात्र हात टेकले.

‘32 जीबीचा पेनड्राईव्ह रिकामा आहे, तरी फाईल बसत नाही’ ही तक्रार खोटी नाही, निदान चुकतं. पेनड्राईव्ह फॅट32 असेल, तर त्यावर 4 जीबीपेक्षा मोठी एक फाईल मावत नाही, बाकी जागा कितीही असो. अडीच तासांची मैफल 96 किलोहर्ट्‌झ, 24 बिट, स्टिरिओत 5 जीबीच्या पुढे जाते. एनटीएफएस केला तर मॅक तो वाचतो, पण त्यावर आपसूक लिहीत नाही. एक्सफॅट दोघांनाही चालतो. मात्र फॉरमॅट करताना आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून आधी फाईली काढून घ्याव्यात.

आणि फाईलच्या नावात तारीख 14/3/1986 अशी तिरप्या रेघांनी लिहू नये. मॅक ती चालवून घेतो, विंडोज नाही. 1986-03-14 असं लिहिलं तर दोन्हीकडे चालतं आणि मैफली सालवारीनं लागतात.