टकटक मध्येच थांबते तेव्हा

सकाळी साडेसात. दुकान उघडायच्या आधीच आबा पायरीवर बसलेले, मांडीवर पिशवीत गुंडाळलेलं शेताच्या तारकुंपणाचं झटका मशीन. “रातभर टकटक करता, मगे मधीच गप जाता. काल गवे भितूर इले. अर्धो कुणगो आडवो केल्यानी.”

दोडामार्गात आश्विनात असा माणूस दारात आला की बाकीची कामं मागे सरतात. टीव्ही दोन दिवस बंद राहिला तर चालतं, कापणीला आलेलं भात एका रात्रीत जातं. तिलारीच्या खोऱ्यात 2002 मध्ये कर्नाटकातून हत्ती उतरले. गवे आणि डुक्कर त्याच्या आधीपासूनचे. मशीनवरचा विश्वास उडाला की कुणीतरी घरातली लाईन थेट तारेत सोडतो. तो गुन्हा आहे, आणि त्यात माणसंही मरतात. म्हणून हे काम मी उद्यावर टाकत नाही.

नऊ. झाकण काढलं. बोट लावण्याआधी आतला मोठा कपॅसिटर रेझिस्टन्स लावून रिकामा केला. बॅटरी काढल्यावरही त्यात काहीशे व्होल्ट बसून असतात. हाच कपॅसिटर साधारण दर सेकंदाला एकदम रिकामा होतो, म्हणून तारेत झटका जातो. आणि त्याच्या त्या एका धडक्याने बोर्डावरची पाच व्होल्टची लाईन हादरते. ती शांत ठेवायचं कामही कपॅसिटरचंच, पण लहान, चण्याच्या डाळीएवढ्या.

दहा. मीटर लावला, बरोबर पाच व्होल्ट. मीटर सरासरी सांगतो, इथे त्याचा उपयोग नाही. सेकंडहँड घेतलेला ऑसिलोस्कोप लावला तेव्हा दिसलं: प्रत्येक टकटकीला पाचाच्या रेषेत सुईसारखी खाच. एखादी खाच जास्त खोल गेली की आतली चिप स्वतःला रिसेट करते, आणि हे मशीन मग बटण दाबेपर्यंत तसंच थांबून राहतं. मध्यरात्री बटण कोण दाबणार?

आधी कुणीतरी दुरुस्ती केली होती. 470 मायक्रोफॅरडचा भलामोठा कपॅसिटर रेग्युलेटरपाशी, आणि चिपसाठी एक 104, म्हणजे 0.1 मायक्रोफॅरडचा, पण लांब पायांवर उभा. माल बरोबर, जागा चुकलेली. विहीर तुडुंब भरलेली असली तरी भात उतू जाताना हाताशी तांब्याच लागतो. तारेच्या दर मिलिमीटरला साधारण 1 नॅनोहेन्री धरायचं. दोन्ही पाय पंधरा-पंधरा मिलिमीटर म्हणजे 30. एवढ्यावर तो 104 सुमारे 3 मेगाहर्ट्झपर्यंतच कपॅसिटरसारखा वागतो, त्यापुढे गुंडाळीसारखा. आणि खाच होती त्याहून कितीतरी वेगाची.

बोर्ड उलटा केला. म्हापशाहून आणलेल्या पट्टीतला बिनपायाचा 104 चिपच्या प्लस आणि ग्राऊंडच्या पिनांवर खालून थेट जोडला. शेजारी 47 मायक्रोफॅरडचा एक, लहान रिकामा झाला की त्याला भरून द्यायला. खाच निम्म्याहून कमी झाली, पण गेली नाही.

साडेबारा वाजले तरी मन जेवणाकडे वळेना. शेवटी ट्रॅक बघत गेलो, तर झटक्याचा परतीचा करंट चिपच्या ग्राऊंडमधूनच जात होता. पायाखालची जमीनच हलत असेल तर कपॅसिटर तरी काय करणार? तो ट्रॅक कापला आणि जाड तारेने सरळ बॅटरीच्या मायनसला नेला. रेषा सपाट झाली.

दोन. जेवण. मग दोन सेट-टॉप बॉक्स, दोन्हींत फुगलेले इलेक्ट्रोलिटिक. मी 85 अंशांच्या जागी 105 अंशांचेच घालतो. तापमान 10 अंशांनी कमी राहिलं तर त्यांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, हा हिशेब अनुभवाला उतरलेला आहे.

तीन ते पाच मशीन टेबलावर सलग चालू ठेवलं. एकदाही रिसेट नाही. दमट हवेसाठी बोर्डावर वार्निशचा हात मारला.

सहा. आबांच्या शेतावर गेलो. तार जोडली, अर्थिंगच्या सळीभोवती पाणी ओतलं, खटका दाबला. दोघंही बांधावर उभे राहून ऐकत होतो. अंधार पडेपर्यंत टकटक चुकली नाही, तेव्हा आबा म्हणाले, “आता घराक जा. मी हयच बसतंय.”