वाईचं देऊळ मागूनही पाहा!

पाचगणी-महाबळेश्वरला निघालं की वाटेत वाई लागते. गाडी थांबवायची, ढोल्या गणपतीला हात जोडायचे, मुलांना हाका मारायच्या आणि 'चला, उशीर होतोय' म्हणत पुढे निघायचं. आपल्यापैकी बहुतेकींनी वाई अशीच पाहिलेली, होय ना? या खेपेला मात्र घरच्यांकडून एक तास जास्त मागून घ्या.

हे देऊळ १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलं. पेशवीण गोपिकाबाईंचं माहेर ते हेच रास्ते घराणं, बरं का! मूर्ती एकाच दगडातली, चांगली ऐसपैस. म्हणून तर नाव 'ढोल्या'.

दर्शन झालं की लगेच चपला शोधू नका. देवळाच्या मागे या. तिथली भिंत सरळ नाही, माशासारखी निमुळती होत गेलेली आहे. देऊळ कृष्णेच्या अगदी काठावर. पावसाळ्यात डोंगरातून आलेला लोंढा सपाट भिंतीवर आदळला असता. या टोकाशी मात्र तो दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो. नदीशी भांडायचं नाही, तिला वाट द्यायची आणि आपण जागा सोडायची नाही. घर सांभाळणारीला हे वेगळं का सांगायला हवं?

हीच कृष्णा पुढे सांगलीला जाते. २००५, २०१९ आणि २०२१ साली पुरानंतर ज्यांनी घरातला चिखल उपसला, त्या सांगलीकर मैत्रिणींना ही भिंत पाहताक्षणीच कळेल.

शेजारीच आनंदराव भिकाजी रास्ते यांनी १७५७ साली बांधलेलं काशी विश्वेश्वराचं देऊळ आहे. तिथला काळ्या दगडाचा नंदी सावकाश पाहा. त्याच्या गळ्यातले दागिनेही दगडातच कोरलेले आहेत.

जाताना एवढं लक्षात ठेवा: सकाळी लवकर जा, म्हणजे गर्दी कमी आणि दगडही तापलेला नसतो. पावसाळ्यात घाटाच्या पायऱ्या निसरड्या होतात. सासूबाई बरोबर असल्या तर त्यांचा हात धरा. दगडावर तेल-कुंकू लावू नका, मुलांना नावं कोरू देऊ नका. आणि घरून आणलेलं निर्माल्य पिशवीसकट नदीत सोडू नका. ते झाडांच्या बुंध्याशी घाला.

अडीचशे वर्षांहून जास्त काळ त्या भिंतीने पूर झेलले आहेत. आपण तिला निदान एकदा मागे जाऊन पाहायला नको का?