इंग्रजीची संथा : पडद्यावर कीं वर्गांत?

परदेशीं उच्च शिक्षणास जाऊं इच्छिणाऱ्या तरुणांस इंग्रजीची कसोटी द्यावी लागते, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. १९८९ सालीं सुरू झालेली आयईएलटीएस ही त्यांपैकीं एक प्रमुख परीक्षा. तिचीं अंगें चार : श्रवण, वाचन, लेखन आणि संभाषण. तिच्या तयारीसाठीं आमच्या पिंपळगांव बसवंतचीं मुलें मुंबई-आग्रा मार्गानें सुमारें ३० किलोमीटर नाशिकास जातात, अथवा घरीं बसून ऑनलाइन वर्ग करितात. २०२० च्या टाळेबंदीपासून हा दुसरा मार्ग अधिक रुळला. या दोहोंत श्रेयस्कर कोणता, असें आम्हीं ओळखीच्या कांहीं विद्यार्थ्यांस विचारिलें.

ऑनलाइनचा पक्ष घेणारे म्हणाले, जाण्यायेण्याचा वेळ व खर्च वांचतो. न समजलेला पाठ पुन्हां ऐकतां येतो. वर्गाचे अभिमानी म्हणाले, घरीं मन लागत नाहीं, आणि समोर शिक्षक असल्यावांचून जीभ सुटत नाहीं. आमच्या मतें दोघेही खरें बोलतात. कारण दोघे परीक्षेच्या निरनिराळ्या अंगांविषयीं बोलत आहेत. श्रवण व वाचन हीं बहुतांशीं स्वतःच्या सरावानें साधतात. परंतु संभाषण ११ ते १४ मिनिटें परीक्षकाशीं करावयाचें असतें, आणि लेखनांत ६० मिनिटांत किमान १५० व २५० शब्दांचे दोन मजकूर लिहावयाचे असतात. येथें चूक तत्काळ दाखविणारा गुरु हवा. आपल्याकडे संथा गुरुमुखांतून घेत, ती याच कारणानें. तो गुरु पडद्यावर असला तरी चालेल. मात्र शेंकडों श्रोत्यांच्या गर्दींत तो असून नसल्यासारखाच.

एका मुलीचें बोलणें आमच्या मनास लागलें. ती म्हणाली, "दादाला नाशिकचा क्लास लावला, मला ऑनलाइन बरा, असें घरच्यांनींच ठरवलें. आणि ऐन क्लासच्या वेळीं चहा टाकायला मलाच हांक मारतात." तिनें निवड केलीच नव्हती, मग तिचें मत तें कोणतें समजावें?

तेव्हां फी भरण्यापूर्वीं उणीव कोणत्या अंगांत आहे, तें मुलाला वा मुलीला वडीलधाऱ्यांनीं विचारावें. या परीक्षेचे गुण सामान्यतः दोनच वर्षें ग्राह्य धरतात. तयारी कच्ची राहिल्यास शुल्क पुन्हां भरावें लागतें. वर्ग घरींच ठेवावयाचा, तर एक खोली व एक तास कोणाचीही हांक न येतां मिळाला पाहिजे. एकत्र कुटुंबांत हें अवघड खरें. पण विद्यार्जनाची एवढी सोय करून देणें हें वडिलांचें कर्तव्यच होय, आणि तें मुलगा व मुलगी दोघांविषयीं सारखेंच आहे.